पश्चिमेच्या भिंतीचा टेकू

१

दीपक बारगोड्यांना भिंती ठोकायची सवय इतकी जडली होती, की कुणाच्या लग्नाला गेले तरी अक्षता पडायच्या आधी हॉलच्या खांबावर बोटाचं पेर आपटून बघायचे. विमलाताई, त्यांची बायको, डोळे वटारायच्या. "अहो, निदान जेवून तरी घ्या. मग पाडा."

उभं आयुष्य हाच धंदा. जुन्या इमारती तपासायच्या आणि सांगायचं, ही टिकेल की नाही. ऐकायला सोपं आहे. पण मालकाला ऐकायचं असतं 'धोकादायक', भाडेकरूला ऐकायचं असतं 'ठणठणीत', आणि खरं म्हणाल तर ते कुणालाच नको असतं. शिव्या मात्र दोन्हीकडून. आता साठी आली होती, गुडघे कुरकुरत होते आणि उजवा खांदा गेल्या शिमग्यापासून रुसून बसला होता. कंटाळा म्हणावा तर कंटाळाही नाही. नुसता शीण. झोपून न जाणारा.

त्या दिवशी काम होतं मांडवीच्या अलीकडच्या एका शाळेचं. शाळा म्हणजे काय, कुठल्याशा जुन्या संस्थेची चिऱ्याची दुमजली इमारत. वर बंद पडलेला शिवणवर्ग, खाली बालवाडी. सगळीकडे शिमगा सुरू. गडीमाणसं गावाला पळालेली, त्यामुळे हातोडी, ओळंबा आणि शिडी घेऊन साहेब एकटेच आले होते.

बालवाडी चालवायच्या हमिदाबाई. त्यांनी दार उघडलं, चहाचं विचारलं आणि तीसेक पोरांचा गलका मागे ढकलत म्हणाल्या, "साहेब, नीट बघा हां. माझी नातपण इथेच बसते."

नात लगेच पुढे आली. आलिया तिचं नाव. पुढचे दोन दात पडलेले. साहेब भिंत ठोकत निघाले तशी ही मागून.

"काय ऐकता?"

"भिंत काय म्हणते ते."

"काय म्हणते?"

"म्हणते, वर्गात मस्ती कोण करतं ते मला ठाऊक आहे."

आलियाने जीभ चावली आणि पाच मिनिटं गप्प राहिली. साहेबांना हसू आलं. तीन भिंती चांगल्या निघाल्या. चिरा खणखणीत, चुना जागच्या जागी.

चौथी भिंत पश्चिमेची. जिन्याखाली तिला पाठ लावून एक म्हातारा जमिनीवर बसला होता. खाकी शर्ट, पाय लांब केलेले, टाचा फरशीच्या सांध्यात रोवलेल्या. बाबल्या शिवगण, शाळेचा जुना शिपाई.

"बाबल्याकाका, जरा उठता? ही भिंत बघायचीय."

"बाकीची बगून घ्या ना, साहेब. ही मंग बगा."

तेवढ्यात आलिया धावून दमली होती म्हणून म्हाताऱ्याच्या शेजारी धपकन बसली आणि पाठ मागे टेकवायला गेली.

"ऊठ!" बाबल्या असा ओरडला, की वर्गातली पोरंसुद्धा चिडीचूप. "हितं टेकायचं नाय! किती येळा सांगितलंय तुला!"

पोर रडत आजीकडे पळाली. बाबल्याने पाठ आणखी घट्ट टेकवली. हमिदाबाई नंतर म्हणाल्या, या माणसाला एरवी मुंगीवर ओरडताना कुणी पाहिलेलं नाही.

२

पाया बघायचा तर बाहेरून खड्डा मारावा लागतो. गडी नाहीत म्हटल्यावर साहेबांनी स्वतःच कुदळ उचलली. पश्चिमेच्या भिंतीला लागून जुनं गटार होतं. तिथली माती लोण्यासारखी निघाली, आणि थोड्याच वेळात कुदळ पोकळीत गेली.

साहेब पालथे झोपले आणि आत हात घातला. कोपर गेलं. खांदा गेला. बोटांना काही लागेना. ना चिरा, ना दगड. गटाराच्या पाण्याने कधीकाळी सगळा पाया धुऊन नेलेला. त्यांनी बॅटरी मारून बघितलं. भिंतीच्या खाली, तिच्या पूर्ण लांबीभर, नुसता अंधार. तळाला ओली लाल माती, आणि त्या मातीत खुणा. होडी रेतीतून वर ओढताना माणसं पाय रोवतात ना, तशा. टाचेचा खड्डा, पुढे बोटांची ओळ. एकामागे एक, लांबवर गेलेल्या.

"उंदीर," साहेब स्वतःशी म्हणाले. मग म्हणाले, "नाहीतर खेकडे." उठून त्यांनी गुडघ्याची माती झटकली आणि पुन्हा वाकून बघायचं टाळलं.

वरून तरी आधार असेल म्हणून माळ्यावर चढले. मुख्य तुळई त्या भिंतीवर येऊन बसत होती. साहेबांनी तिच्या टोकात स्क्रू ड्रायव्हर खुपसला. मुठीपर्यंत गेला. वाळवीने आतून पीठ केलेलं, वर नुसतं रंगाचं साल.

ते जिन्यावर येऊन बसले. आता बघा, इंजिनिअर माणूस. वजन कुठून येतं आणि कुठे जातं, एवढं एकच शास्त्र आयुष्यभर केलं. वरचं छप्पर, माळा, अख्खी भिंत, हे सगळं वजन खाली उतरत होतं आणि खाली कुणीच घेत नव्हतं. ही भिंत पडायला हवी होती. आज नाही, काल नाही, कित्येक पावसाळ्यांपूर्वी.

मनाने धडाधड कारणं काढली. चिऱ्यांची आतल्या आत कमान झाली असेल. आडव्या भिंतींनी कडेवर घेतलं असेल. जुन्या इमारती कधीकधी नुसत्या सवयीने उभ्या असतात, असं ते स्वतःच हाताखालच्या पोरांना शिकवायचे. पण मनगट ऐकेना. हातोडी धरणारं मनगट कारणांना भुलत नाही.

संस्थेच्या सचिवांना फोन लावला. ते गावाला, मागे ढोल वाजत होते. "सोमवारी बघू हो बारगोडे. आता कुठला हॉल मिळणार नि कुठली माणसं?" टेकूचे लोखंडी जॅक पुरवणारा म्हणाला, "साहेब, पालखी सोडून कोण येणार? सोमवारी सकाळी पाठवतो."

"निदान पोरांना अंगणात बसवा," साहेबांनी हमिदाबाईंना बजावलं.

निघताना त्यांनी पश्चिमेच्या भिंतीतल्या तड्यावर प्लॅस्टरने एक काचपट्टी चिकटवली. ही जुनी पद्धत. भिंत केसभर जरी हलली, तरी काच तडकते. काच खोटं बोलत नाही.

रात्री विमलाताई म्हणाल्या, "रविवारी पालखी आपल्या दारात येतेय. दरवर्षी तुमचं कुठलं तरी घर पडायला आलेलं असतं. या वेळी तरी या गावच्या घरी, हातखंब्याला."

"येतो म्हटलं ना," साहेब म्हणाले. मनापासून म्हणाले.

३

सकाळी काच शाबूत होती. बाबल्या कालच्याच जागी बसलेला. रात्री पण इथेच असता का, विचारलं तर म्हणाला, "बसूनच झोप लागते आता."

साहेब त्याच्यासमोर पायरीवर बसले. बाबल्याला खोकल्याची उबळ आली. छातीत पाणी असल्यासारखा ओला खोकला. उबळ ओसरल्यावर दोघं शिमग्याचं बोलायला लागले. पालखी म्हटली की कोकणातला माणूस खुलतोच. बाबल्याने तरुणपणी पालखी अशी नाचवली होती म्हणे, की देवीच्या मुखवट्यावरचा घामसुद्धा आपल्या डोळ्यांनी बघितला.

"तुमी घेता खांद्यावर?"

"मिसरूड फुटल्यापासून. आता खांदा दुखतो, पण कुणी थोपटलं की राहवत नाही."

"तसाच असतो तो," बाबल्या म्हणाला. "पालखी भुईला लावायची नाय. दमला गडी की फुडच्याच्या खांद्यावर दोनदा थोपटायचं. त्याने इचारायचं नाय, काय, कशाला. घुसायचं दांड्याखाली. मलापन असंच थोपटलंन."

"कुणी?"

म्हातारा दुसरीकडे बघायला लागला. "माज्या आदीच्या शिपायाने," एवढंच म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. खेडहून बाबल्याची मुलगी, राही. हमिदाबाईंनी नंबर दिला होता. ती आधी बोलली आणि मग रडली. "साहेब, डॉक्टर म्हणाले बाबांच्या छातीत पाणी झालंय, ॲडमिट करा. ते उठायलाच तयार नाहीत. माझ्या लग्नात मांडवात आले नाहीत, माझा मुलगा बघायला आले नाहीत. काय आहे त्या भिंतीत एवढं? तुम्ही पडकी म्हणून लिहा ना. पडकी म्हटल्यावर तरी उठतील."

"पडकीच आहे ती," साहेब हळू आवाजात म्हणाले. "तू आजच ये. मी उठवतो त्यांना."

४

उन्हं चढल्यावर हमिदाबाई पदराला हात पुसत आल्या. "चला बाबल्याचाचा, जाऊन या." आणि काय तर, बाबल्या उठायच्या आधी त्या त्याच्या शेजारी बसल्या, भिंतीला पाठ लावली, टाचा रोवल्या. मग तो हळूहळू उठला, भिंत धरत मोरीकडे गेला.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"त्यांचं खूळ आहे हो. मी मोरीवर जाईपर्यंत कुणीतरी टेकून बसा, म्हणतात. म्हातारा माणूस, मन मोडवत नाही. माझ्या आधीच्या बाईपण टेकायच्या." त्या हसल्या, पण कपाळावर घाम डवरला होता. "नवल म्हणजे पाठ अशी भरून येते ना, जसं काही डोक्यावरून घागरी आणल्यात."

बाबल्या परत आला, हमिदाबाई उठल्या, तो टेकला. त्या दोघांच्या मध्ये एक निमिष गेलं असेल, भिंतीला कुणाचीच पाठ नव्हती.

टिक्.

साहेबांनी वर पाहिलं. काच उभी तडकली होती.

 खिडकीतून ऊन आलंय, काच तापली, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. त्या भिंतीला खिडकी नव्हती. ते सावकाश वाकले आणि म्हाताऱ्याच्या खांद्यामागे भिंत न्याहाळली. तिथला चिरा काळाभोर, तुळतुळीत झालेला. उंबरठा झिजतो तसा. आणि त्यात खोलगट ठसा पाठीचा. एकच नाही, पुसट असे कितीतरी ठसे शेजारी शेजारी. उंच माणसाचे, बुटक्याचे, बाईमाणसाचे. सगळ्यांत खाली एक अगदी लहान. चार-पाच वर्षांच्या पोराएवढा.

त्यांनी त्या ठशाच्या कडेला हातोडी हलकेच मारली. भरीव भिंत खण्ण वाजते, पोकळ बद्द वाजते. हे दोन्ही नव्हतं. आवाजच झाला नाही. हातोडी कुणाच्या तरी अंगावर मारावी आणि त्याने निमूट सोसावं, असं मनगटाला लागलं.

"साहेब," बाबल्या म्हणाला, "नका मारू."

५

राही आली तेव्हा भर दुपार होती. अंगणात पाय ठेववत नव्हता, म्हणून हमिदाबाईंनी पोरांना खिचडी खायला आत घेतलं होतं. साहेबांनी कपाळावर हात मारला. "अहो बाई, सांगितलं होतं ना!"

"मग उन्हात भाजू त्यांना?"

राही बापाच्या पायाशी बसली. ओरडली, हात जोडले, शेवटी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. बाबल्या तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. त्याचे ओठ निळे पडले होते. मग त्याने साहेबांकडे पाहिलं. "पोरांना भायेर काडा आदी. मंग बगू."

हमिदाबाईंनी पोरांना उठवायला सुरुवात केली. उठतात थोडीच? कुणाची खिचडी राहिली, कुणाची चप्पल सापडेना. आणि तेवढ्यात बाबल्याला उबळ आली. साधी नाही. डोळे पांढरे झाले, पाठ भिंतीपासून सुटायला लागली आणि माथ्यावरून बारीक लाल माती भुरभुरली. वर माळा कण्हला. पोरं अजून आतच. आलिया ताट हातात घेऊन मधोमध उभी.

साहेब त्याला धरायला वाकले. म्हाताऱ्याचा हात वर आला आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर पडला.

दोनदा थोपटलं.

विचार करायला वेळ होता असं नंतर कुणी म्हणेल. नव्हता. त्या थापेला कोकणात विचार करत नाहीत. साहेबांचं अंग आपसूक वळलं, गुडघे मोडले, पाठ त्या खोलगट ठशात गेली आणि टाचा फरशीच्या सांध्यात बसल्या.

वजन आलं.

ओरडायचं होतं, पण ओरडायला लागणारी हवासुद्धा त्या वजनाने घेतली. छप्पर, माळा, चिरे, सगळं मणक्यावर. आणि मग, चिरा मध्ये असतानाही, त्यांच्या पाठीला दुसरी पाठ लागली. हाडकुळी, गरम, घामेजलेली. तिच्या पलीकडे आणखी एक. त्या पाठी जराशा सरकल्या, दाटीत उभ्या माणसांनी नव्याला जागा द्यावी तशा, आणि पार आतून कुणीतरी सुस्कारा सोडला.

माळ्याचं कण्हणं थांबलं. माती भुरभुरायची थांबली.

बाबल्या राहीच्या अंगावर रेलून उभा होता. इतक्या वर्षांत प्रथमच ताठ. ढसाढसा रडत होता. "येतंव मी साहेब. बरा झालंव की लगेच येतंव. टाकून नाय जायाचा."

"जा," साहेब कसेबसे म्हणाले. "जा तुम्ही."

६

पोरं बाहेर गेली. आता उठायचं आणि दाराकडे उडी मारायची. पडू दे भिंत. साहेबांनी हिशेब केला, दार चार ढांगांवर. पण भिंतीच्या पलीकडे गटार ओलांडलं की घरं लागून होती. रेडिओ वाजत होता, कुणीतरी कपडे आपटत होतं. त्यांना काढल्याशिवाय कसं उठणार? हमिदाबाईंना हाक मारून सांगितलं. त्या पलीकडे जाऊन आल्या. "हसतात साहेब. म्हणतात, आमच्या जन्माआधीपासून उभी आहे."

मग त्या दारातच घुटमळल्या. जिन्याखाली लांब पाय करून बसलेल्या साहेबांकडे बघता बघता त्यांचा चेहरा निवळला. "अल्ला, काय घाबरवलंत! तुम्हीच टेकून बसलात म्हणजे भिंत चांगलीच असणार."

"नाही हो बाई, तसं नाही..."

पण त्या वळल्या होत्या. "या रे पोरांनो आत! ऊन लागेल. इंजिनिअर साहेब स्वतः बसलेत बघा."

साहेबांनी डोळे मिटले. आयुष्यभर त्यांनी 'पडेल' म्हणून सांगितलं आणि लोकांनी विश्वास ठेवला नाही. आज तोंडातून शब्द न काढता त्यांनी 'टिकेल' म्हटलं होतं, आणि सगळ्यांनी ऐकलं.

७

सोमवारी जॅक आले. गड्यांनी लोखंडी खांब उभे केले, वर फळी घातली, आटे पिळले. "घट्ट बसले, साहेब." साहेबांनी पाठ केसभर उचलली. वरून माती आली. एका गड्याने सहज हात लावला तर जॅक गोल फिरला, रिकामा. वजन जॅककडे गेलंच नव्हतं. लोखंड भिंतीला नको होतं.

त्याआधी रविवारी विमलाताईंचा फोन येऊन गेला होता. मागे ढोल, ताशे, माणसांचा कल्ला. "अहो, पालखी दारात आलीय. ओटी भरायची थांबलेय मी. कुठे आहात तुम्ही?"

"येतोच," साहेब म्हणाले. "जरा टेकलोय."

मग विमलाताई स्वतःच आल्या, रडल्या, हाताला धरून ओढलं. वरून माती पडली तेव्हा साहेबांनी त्यांना घराबाहेर काढावं तसं दटावून बाहेर काढलं. खेडहून राहीचा फोन आला. बाबा दवाखान्यात आहेत, गादीवर उताणे, पाठ टेकून झोपलेत. किती वर्षांनी असे झोपले. "उठवत नाही हो मला त्यांना," ती म्हणाली. साहेब म्हणाले, "नको उठवूस."

हमिदाबाई येऊन बसतात, तेवढ्या वेळात साहेब मोरीवर जाऊन येतात. बाईंच्या खांद्यावर थोपटायची इच्छा हातात दाटून येते, तेव्हा साहेब हात मांडीखाली दाबून धरतात. आपलं घर तुटलं तरी चालेल, पण हे ओझं त्या बाईला द्यायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलंय. पलीकडच्या पाठी कधी बोलत नाहीत. नुसत्या दमलेल्या असतात.

परवा मधल्या सुट्टीत आलिया पळून पळून दमली. लाल झालेली, केस कपाळाला चिकटलेले. येऊन साहेबांच्या शेजारी धपकन बसली आणि पाठ मागे टेकवली. अगदी खालच्या त्या ठशात. चपखल बसली.

वजन हललं.

फार नाही. ओंजळभर. पण त्या दिवसापासून प्रथमच साहेबांच्या छातीत पुरा श्वास गेला, आणि त्या सुखाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

ऊठ, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. ओरडायला हवं होतं, बाबल्या ओरडला होता तसं. लगेच. आत्ताच.

"साहेब," पोर डोळे मिटून म्हणाली, "भिंत काय म्हणते?"

साहेबांनी आणखी एक श्वास घेतला. हा झाला की सांगू.